मतदानानं गेलेला आजार

ब्रूनो क्लॉफर हे १९५० च्या दशकातल्या अमेरिकी मानसशास्त्रातलं वजनदार नाव. शाईच्या डागांची रोर्शाक चाचणी अमेरिकेत रुजवणाऱ्यांपैकी ते एक. डागात माणसाला वटवाघूळ दिसलं की फुलपाखरू, यावरून त्याच्या मनाचा ठाव घेण्यात त्यांचा हातखंडा. लॉस एंजेलिसच्या एव्हलिन हूकर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्यांच्यापुढे साठ पुरुषांच्या उत्तरांचा गठ्ठा ठेवला. तीस समलिंगी, तीस भिन्नलिंगी. वय, शिक्षण आणि बुद्ध्यंक जुळवून जोड्या लावलेल्या. कोण कुठल्या गटातला, याचा पत्ता लागेल अशी कुठलीही माहिती कागदांवर नाही. काम दोन टप्प्यांचं होतं. आधी प्रत्येकाचं मन कितपत ठिकाणावर आहे याला पाच पायऱ्यांवर दर्जा द्यायचा, मग प्रत्येक जोडीतला समलिंगी कोणता ते सांगायचं.

क्लॉफरना ते सांगता आलं नाही. दुसरे रोर्शाकतज्ज्ञ मॉर्टिमर मेयर यांनाही नाही. डोळे मिटून बोट ठेवलं असतं तरी साधारण तितकीच उत्तरं बरोबर आली असती. चित्र पाहून गोष्ट रचायच्या चाचण्या तपासायला एडविन श्नाइडमन होते. त्या गोष्टींत अनेकांनी उघडउघड समलिंगी प्रसंग घातले होते, त्यामुळे तिथे ओळखणं अवघड नव्हतं. पण मनाचा दर्जा ठरवताना तिघांनाही दोन गटांत फरक सापडला नाही. दोन्ही गटांतले साधारण दोन तृतीयांश पुरुष ‘सरासरी किंवा त्याहून चांगले’ या खणात बसले.

हूकरबाईंनी हे निष्कर्ष १९५६ साली मानसशास्त्रज्ञांच्या शिकागोच्या अधिवेशनात मांडले आणि १९५७ साली छापले. आज हा प्रयोग अगदी साधा वाटतो. त्या काळी तो कुणालाच सुचला नव्हता, आणि का सुचला नव्हता ते पाहण्यासारखं आहे. समलिंगी माणसांबद्दल तोवर जे लिहिलं गेलं, ते बहुतेक दवाखान्यात आलेल्या, तुरुंगात पडलेल्या किंवा सैन्यातून काढलेल्या लोकांकडे पाहून. आजारी माणसंच तपासायची आणि सगळेच आजारी आहेत असा निकाल द्यायचा! भिन्नलिंगी माणसांचा अभ्यासही फक्त तुरुंगातल्या कैद्यांवरून केला असता तर लग्न ही गुन्हेगारांची सवय ठरली असती.

बाईंना या वाटेवर आणलं त्यांच्या एका विद्यार्थ्यानं, सॅम फ्रॉमनं. तो स्वतः समलिंगी; बाईंशी त्याची दोस्ती झाली, त्यानं आपल्या मित्रमंडळींशी ओळख करून दिली आणि मग मागेच लागला: आमच्यासारख्यांचा अभ्यास करणं हे तुमचं कर्तव्य आहे. १९५३ साली त्यांनी राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेकडे अनुदान मागितलं. संस्थेचा अधिकारी जॉन एबरहार्ट अर्ज करणाऱ्या बाई कोण आहेत ते बघायला स्वतः विमानानं आला. सिनेटर मॅकार्थी यांचा तो काळ. सरकारी नोकरांची कम्युनिस्ट म्हणून जशी छाननी चाले तशीच समलिंगी म्हणूनही. आयझेनहॉवर यांनी त्याच वर्षी काढलेल्या आदेशात ‘लैंगिक विकृती’ हे सरकारी नोकरीतून काढण्याचं एक कारण धरलं होतं. समलिंगी संबंध तेव्हा अमेरिकेच्या प्रत्येक राज्यात गुन्हा होता. म्हणून मुलाखती विद्यापीठात न होता बाईंच्या घरामागच्या बागेतल्या खोलीत झाल्या. गंमत अशी की समलिंगी पुरुष त्यांना मॅटाशीन सोसायटी या संघटनेमार्फत सहज मिळाले, पण असल्या अभ्यासात भाग घ्यायला तयार असणारे भिन्नलिंगी पुरुष मिळवताना दमछाक झाली. घरी काही कामानिमित्त आलेल्या पुरुषालाही बाई गळ घालत. आपल्या रस्त्यावर आता एकही पुरुष सुरक्षित उरलेला नाही, अशी त्यांचे पती थट्टा करत.

हा सगळा खटाटोप ज्या नोंदीविरुद्ध होता ती नोंद १९५२ सालची. त्या वर्षी अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशन या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं मानसिक विकारांची अधिकृत सूची काढली. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘डीएसएम’ म्हणतात. सव्वाशे-दीडशे पानांची पुस्तिका. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्करानं सैनिकांसाठी केलेल्या वर्गीकरणाचा तिच्यावर मोठा ठसा होता. समलैंगिकता तिथे ‘समाजविघातक व्यक्तिमत्त्वा’च्या सदरात, लैंगिक विकृतींच्या पोटात बसली. १९६८ च्या दुसऱ्या आवृत्तीत तिला स्वतःचा क्रमांक मिळाला, ३०२.०.

या पुस्तिकेत नसलेली गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. मानसिक विकार म्हणजे काय, याची व्याख्या पहिल्या आवृत्तीत नव्हती आणि दुसऱ्या आवृत्तीतही नव्हती. यादी होती, कसोटी नव्हती. एखादं वर्तन यादीत का बसतं असं कुणी विचारलं, तर ते यादीत आहे यापलीकडे पुस्तिकेकडे उत्तर नव्हतं.

मराठीतून मानसशास्त्राची पदवी घेतलेल्यांना ‘अपसामान्य वर्तना’चे निकष तोंडपाठ असतात. वर्तन आकडेवारीच्या दृष्टीनं विरळा आहे का? समाजाचे नियम मोडतं का? माणसाला स्वतःला त्याचा क्लेश होतो का? रोजचं जगणं त्यामुळे अडतं का? परीक्षेत चार मुद्दे, चार गुण. १९५० आणि ६० च्या दशकांत मात्र हे चारही निकष एकाच गटाच्या डोक्यावर एकापाठोपाठ एक वापरून पाहिले जात होते, आणि एकही नीट बसत नव्हता.

आकड्यांपासूनच पाहू. १९४८ साली आल्फ्रेड किन्सी या प्राणिशास्त्रज्ञानं हजारो अमेरिकी पुरुषांच्या मुलाखतींवरून आपला जाडजूड ग्रंथ काढला. गॉल वास्प या चिमुकल्या गांधीलमाशीवर बरीच वर्षं घालवलेला हा माणूस नमुने गोळा करण्यात तरबेज. त्याच्या हिशेबानं ३७ टक्के पुरुषांना तारुण्यात येता-येता किंवा नंतर निदान एकदा तरी समलिंगी अनुभव आलेला होता. आयुष्यभर फक्त समलिंगी राहिलेले ४ टक्के. त्याच्या नमुन्यात दोष होते, कैद्यांचं प्रमाण जास्त होतं, यावर पुढे पुष्कळ वाद झाले. पण ‘विरळा म्हणून विकृत’ हा युक्तिवाद त्यानं खिळखिळा केला. तसाही तो लंगडाच होता. विरळेपणा हाच निकष असता तर शंभरात एखाद्याला असणारी असामान्य बुद्धीही विकारातच जमा झाली असती.

समाजाच्या नियमांचं म्हणाल तर ती पट्टी त्याहून धोक्याची, आणि तिचा अमेरिकेतलाच इतिहास ओशाळवाणा. १८५१ साली लुइझियानातल्या सॅम्युएल कार्टराइट या डॉक्टरनं मळ्यांवरून पळून जाणाऱ्या गुलामांना एक मानसिक रोग होतो असं शोधून काढलं आणि त्याला ग्रीक धाटणीचं भारदस्त नावही दिलं. पळायची इच्छा हाच रोग. मालकांच्या समाजात ते निदान शास्त्रीय वाटत होतं.

राहिले क्लेश आणि अडलेलं जगणं. इथे मनोविश्लेषकांची बाजू वरकरणी भक्कम होती. १९६२ साली अर्व्हिंग बीबर आणि सहकाऱ्यांनी मनोविश्लेषण घेत असलेल्या १०६ समलिंगी पुरुषांचा अभ्यास छापला. दोष वरचढ आई आणि अलिप्त बाप यांच्याकडे दिला, आणि २७ टक्के पुरुष उपचारांनंतर पूर्ण भिन्नलिंगी झाल्याचा दावा केला. हूकर यांचे निष्कर्ष छापून पाच वर्षं झाली होती. तरी अभ्यासाला घेतलेले सगळे पुरुष पुन्हा उपचार घेणारेच! खुद्द फ्रॉइड यांनी १९३५ साली एका अमेरिकी आईला लिहिलेल्या पत्रात हा आजार नाही असं कळवलं होतं. त्यांचे अमेरिकी शिष्य गुरूपेक्षा कडक निघाले.

मग वाद ग्रंथालयातून बाहेर आला. तो आणणाऱ्यांत फ्रँक कॅमनी पुढे होते. हार्वर्डची पीएचडी मिळवलेले खगोलशास्त्रज्ञ, लष्कराच्या नकाशा विभागातून १९५७ साली समलिंगी म्हणून बडतर्फ झालेले. स्वभावानं हट्टी आणि तर्कानं धारदार. त्यांनी वर्मावर बोट ठेवलं: नोकरी, घर, कोर्ट, चर्च, जिथे जावं तिथे शेवटी ‘तुम्ही आजारी आहात’ हे वाक्य पुढे येतं, आणि ते वाक्य पुरवतात मनोविकारतज्ज्ञ. १९६५ साली त्यांच्या वॉशिंग्टनच्या संघटनेनं ठराव केला की सबळ पुरावा पुढे येईपर्यंत समलैंगिकता हा आजार मानता येणार नाही. पुरावा द्यायची जबाबदारी त्यांनी समोरच्यावर टाकली. वैज्ञानिकाला शोभेलशी ही चाल होती.

१९६९ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल इन या बारवर पोलिसांची धाड पडली आणि लोकांनी उलटून प्रतिकार केला. त्यानंतर ठरावांचा सूर मागे पडला. १९७० च्या मे महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोला मनोविकारतज्ज्ञांचं वार्षिक अधिवेशन भरलं, तेव्हा आंदोलक सभागृहात घुसले. विजेचे झटके देऊन समलिंगी आकर्षण मोडण्याच्या उपचारावर एक निबंध वाचला जात होता. आरडाओरड्यात तो बुडाला. बीबर यांनाही तोंडावर ऐकून घ्यावं लागलं. पुढच्या वर्षी वॉशिंग्टनमध्ये कॅमनींनी माइक हिसकावून युद्धच पुकारलं.

डॅलसचं १९७२ चं अधिवेशन मात्र वेगळ्या कारणानं लक्षात राहिलं. २ मे रोजी एका परिसंवादात कॅमनी आणि फिलाडेल्फियाच्या कार्यकर्त्या बार्बरा गिटिंग्ज बसले होते. गिटिंग्ज यांच्या जोडीदार के लाहुसेन यांनी आधीच म्हटलं होतं, इथे समलिंगी आहेत, मनोविकारतज्ज्ञ आहेत, पण दोन्ही असलेला कुणी नाही. गिटिंग्ज यांनी अनेकांना विचारलं. शेवटी एक जण तयार झाला, ओळख लपवण्याच्या अटीवर. रबरी मुखवटा, विग, मापापेक्षा मोठा टक्सिडो आणि आवाज बदलणारा माइक घेऊन ‘डॉ. एच. अनॉनिमस’ मंचावर आले. आपण समलिंगी आहोत आणि मनोविकारतज्ज्ञ आहोत, असं त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं. याच संघटनेतले आपल्यासारखे कितीतरी सदस्य अधिवेशनांत गुपचूप भेटतात, आणि नोकरी टिकवायची तर स्वतःला दुप्पट सिद्ध करावं लागतं, हेही सांगितलं. मुखवट्यामागचे जॉन फ्रायर तेव्हा टेम्पल विद्यापीठात शिकवत होते, पण नोकरी कायम नव्हती. समलिंगी असल्यावरून आधी एकदा प्रशिक्षणाची जागा गमावलेली होती. तो वक्ता मीच, हे त्यांनी जाहीर केलं १९९४ साली.

त्या मुखवट्याचं नाट्य सगळेच सांगतात. पण त्यातली तार्किक खोच क्वचित कुणी उलगडतो. निदान करण्याचा परवाना ज्याच्या हाती आहे, तो स्वतःच यादीतल्या व्याख्येनुसार रोगी. तो रोज रुग्ण तपासतो, विद्यार्थ्यांना शिकवतो, आणि शेजारच्या खुर्चीतल्या सहकाऱ्याला त्याचा ‘विकार’ वर्षानुवर्षं दिसत नाही. क्लॉफरना साठ कागदांत जे दिसलं नाही, तेच इथे चालत्याबोलत्या माणसात दिसत नव्हतं.

पुढचं काम रॉबर्ट स्पिट्झर यांच्याकडे आलं. कोलंबिया विद्यापीठातले हे तरुण मनोविकारतज्ज्ञ संघटनेच्या वर्गीकरण समितीवर होते. त्यांना या विषयाबद्दल सहानुभूती होती असं नाही, वर्गीकरणाचा ध्यास मात्र होता. १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या एका परिषदेत आंदोलकांनी गोंधळ घातला तेव्हा त्यांची रॉन गोल्ड या कार्यकर्त्याशी गाठ पडली, आणि त्यांनी आंदोलकांना समितीपुढे येऊन बोलायची संधी मिळवून दिली. १९७३ च्या मे महिन्यात होनोलुलूच्या अधिवेशनात दोन्ही बाजूंचा जाहीर सामना झाला. त्या रात्री गोल्ड स्पिट्झरना समलिंगी मनोविकारतज्ज्ञांच्या गुप्त बैठकीला एका बारमध्ये घेऊन गेले. तिथे त्यांना आपल्याच क्षेत्रातली परिचित, मानाच्या जागांवरची माणसं दिसली. लष्करी गणवेशातला एक तरुण डॉक्टर आत आला आणि गोल्ड यांना मिठी मारून रडू लागला. स्पिट्झर यांनी परतल्यावर मसुदा लिहायला घेतला.

मसुदा लिहिताना त्यांना तीच अडचण आली जी कधीची टाळली गेली होती. एक नोंद वगळायची, तर बाकीच्या नोंदी कोणत्या नियमानं राहतात ते सांगायला हवं. स्पिट्झर यांनी सूचीतले विकार एकेक करून पाहिले आणि दोन अटी काढल्या: त्या अवस्थेमुळे माणसाला सहसा क्लेश होतो, किंवा समाजात वावरण्याची त्याची क्षमता सर्वसाधारणपणे खालावते. अनेक समलिंगी माणसं या दोन्हींत बसत नव्हती, म्हणून समलैंगिकता आपोआप विकार ठरत नाही. पण म्हणून ती ‘नॉर्मल’ आहे असंही संघटना म्हणत नाही, हे त्यांनी मसुद्यात आवर्जून नोंदवलं. ‘नॉर्मल नाही’ आणि ‘आजारी आहे’ या दोन वाक्यांत अंतर असू शकतं, ही कबुली त्या शास्त्राच्या अधिकृत कागदावर इतक्या स्पष्टपणे तेव्हा आली. माझ्या मते त्या वर्षीची खरी घटना ही. कार्यकर्त्यांना हे वाक्य टोचलं, आणि टोचणं रास्तच होतं.

योगायोग असा की त्याच वर्षाच्या जानेवारीत डेव्हिड रोझनहान यांचा गाजलेला निबंध ‘सायन्स’मध्ये आला होता. आठ धडधाकट माणसांनी कानात आवाज येतात असं खोटंच सांगून बारा मनोरुग्णालयांत प्रवेश मिळवला, आणि आतल्या एकाही कर्मचाऱ्यानं त्यांना ओळखलं नाही, असा त्यात दावा होता. त्यातल्या हकिकतींवर सुझॅना कॅहॅलन या पत्रकार बाईंनी २०१९ साली गंभीर शंका घेतल्या आहेत, म्हणून त्यावर फार भार टाकू नये. पण मनोविकारतज्ज्ञांच्या निदानक्षमतेची चारचौघांत उडालेली खिल्ली त्या वर्षीच्या हवेत होती.

१५ डिसेंबर १९७३ रोजी संघटनेच्या विश्वस्त मंडळानं १३ विरुद्ध शून्य अशा मतांनी ठराव संमत केला, दोघे तटस्थ. लाखो लोक एका दुपारी औषधाविना बरे झाले, असा विनोद तेव्हा झाला. मनोविश्लेषक चार्ल्स सोकॅरिडीस आणि बीबर यांच्या गटानं सह्या जमवून सर्व सदस्यांचं मतदान घ्यायला लावलं. १९७४ च्या एप्रिलमध्ये निकाल आला: विश्वस्तांच्या बाजूनं ५,८५४, विरुद्ध ३,८१०. विरोधक तेव्हापासून म्हणत आले आहेत की विज्ञान मतपेटीतून ठरत नाही. गमतीचा भाग म्हणजे मतपेटी मागवली होती त्यांनीच. दुसऱ्या बाजूचे हातही अगदी स्वच्छ नव्हते. विश्वस्तांना पाठिंबा द्या असं सदस्यांना विनवणारं जे पत्र मान्यवरांच्या सह्यांनी गेलं, त्याचा खर्च नॅशनल गे टास्क फोर्स या समलिंगी हक्कांच्या संघटनेनं उचलला होता, आणि पत्रात तसं कुठे लिहिलं नव्हतं.

मतदानाचा आक्षेप मला तितकासा पटत नाही. २००६ साली प्राग शहरात खगोलशास्त्रज्ञांनी मतदान करून प्लूटोला ग्रहांच्या यादीतून काढलं. त्यानं प्लूटोत काही बदल झाला नाही. ‘ग्रह’ कशाला म्हणायचं ते ठरलं. वस्तुस्थितीवर मतदान होत नाही, वर्गवारीवर होतं, आणि कधी ना कधी करावंच लागतं. फरक एवढाच की यादीत आहोत म्हणून प्लूटोची नोकरी जात नव्हती.

नोंद गेली खरी, पण दार पूर्ण बंद झालं नाही. तिच्या जागी ‘लैंगिक कल अस्वस्थता’ असं काहीसं आलं: स्वतःच्या समलिंगी असण्याचा ज्यांना त्रास होतो ते अजून रुग्णच. स्पिट्झर यांच्या क्लेशाच्या निकषातली फट इथे उघडी पडते. क्लेश आहे, मान्य. पण तो कशाचा? घरच्यांनी बाहेर काढलेल्या, साहेबानं हाकललेल्या माणसाला स्वतःबद्दल बरं वाटत नसेल, तर त्या त्रासाचं मूळ त्याच्या मनात शोधायचं की बाहेर? भिन्नलिंगी असण्याचा त्रास होतो अशा माणसासाठी मात्र सूचीत खण नव्हता. १९८० च्या तिसऱ्या आवृत्तीत नाव बदलून तोच प्रकार राहिला. १९८७ च्या सुधारित आवृत्तीत गेला. जागतिक आरोग्य संघटनेनं आपल्या सूचीतून समलैंगिकता काढली १७ मे १९९० रोजी.

स्पिट्झर यांचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. तिसरी आवृत्ती त्यांच्याच नेतृत्वाखाली झाली आणि जगभरच्या मनोविकारशास्त्राची चौकट बनली. मात्र २००१ मध्ये त्यांनीच दोनशे लोकांच्या टेलिफोन मुलाखतींवरून असा अभ्यास मांडला की अतिशय इच्छा असलेल्या काहींचा कल उपचारांनी बदलू शकतो. ‘बदल’ घडवून देणाऱ्या मंडळींनी तो झेंड्यासारखा मिरवला. २०१२ साली, ऐंशीच्या उंबरठ्यावर आणि पार्किन्सनच्या आजारानं थकलेले असताना, त्यांनी त्या अभ्यासाबद्दल समलिंगी समाजाची जाहीर माफी मागितली. लोकांनी स्वतःबद्दल सांगितलेलं खरं की खोटं हे पडताळायची सोयच त्या अभ्यासात नव्हती, हे त्यांनी मान्य केलं. ज्यानं बाहेरची कसोटी मागून एक नोंद घालवली, तोच दुसऱ्या वेळी कसोटीवाचून निष्कर्षाला आला.

तिसऱ्या आवृत्तीत मानसिक विकाराची व्याख्या पहिल्यांदा छापली गेली. तिच्यात एक वाक्य असं की व्यक्ती आणि समाज यांच्यातला निव्वळ संघर्ष हा आपोआप विकार होत नाही. कार्टराइटच्या रोगाला त्या वाक्यात जागा नाही.

हेच तत्त्व आपल्याकडे कायद्यात आलं ते २०१७ साली. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं, १८६० च्या भारतीय दंड संहितेतलं कलम ३७७ तेव्हा लागूच होतं आणि १९८० च्या दशकातही भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या नियतकालिकात समलैंगिकतेवरच्या उपचारांचे लेख छापले जात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाचं तिसरं कलम सांगतं की आजार ठरवायचा तो मान्यताप्राप्त वैद्यकीय निकषांवर. समाजाच्या नैतिक, सांस्कृतिक किंवा धार्मिक मूल्यांशी एखाद्याचं जुळत नाही एवढ्यावरून नव्हे. पुढच्या वर्षी जुलैमध्ये इंडियन सायकियाट्रिक सोसायटीनं आणि तिचे तेव्हाचे अध्यक्ष डॉ. अजित भिडे यांनी समलैंगिकता आजार नसल्याचं जाहीरपणे सांगितलं. सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले त्या ६ सप्टेंबर २०१८ च्या नवतेजसिंग जोहर निकालात न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन यांनी याच अधिनियमाचा आधार घेतला.

वैद्यकीय अभ्यासक्रम मात्र इतक्यात वळले नाहीत. २०२१ साली मद्रास उच्च न्यायालयानं कान उपटल्यावर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं पाठ्यपुस्तकांतला अवमानकारक मजकूर तपासायला सांगितलं, २०२२ मध्ये कल ‘बदलण्याच्या’ उपचारांना व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. आणि २०२४ च्या ऑगस्टअखेर त्याच आयोगाच्या नव्या अभ्यासक्रमात, न्यायवैद्यकाच्या विषयात, स्त्री-स्त्री संबंध ‘अनैसर्गिक लैंगिक गुन्ह्यां’च्या यादीत परत आले. टीका झाली, आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आयोगानं तो अभ्यासक्रम मागे घेतला.